'डेप्रिकेटेड' की 'ऑब्सोलीट'?

तुझा सॉफ्टवेअर मॅन्युअलचा मसुदा वाचला. त्याच जुन्या फंक्शनला एका ठिकाणी 'डेप्रिकेटेड' म्हटलंयस, पुढच्याच पानावर 'ऑब्सोलीट', आणि एकदा तर चक्क 'डेप्रिशिएटेड'! तिसरा आधी खोड. त्याच्या मुळाशी लॅटिन 'प्रेटियम', म्हणजे किंमत. घसाऱ्याचा शब्द तो, सीएकडेच राहू दे.

खरी गंमत उरलेल्या दोघांत. वेबपानं लिहायची भाषा एचटीएमएल, तिच्या १९९९च्या ४.०१ आवृत्तीत अक्षरांचं रूप ठरवणारा फॉन्ट टॅग डेप्रिकेटेड होता: ब्राउझरने तो चालवत राहावं, पण नव्या पानात वापरू नये. एक्सएमपी हा दुसरा टॅग मात्र ऑब्सोलीट, म्हणजे चालेलच याची हमी नाही. कोड आजच बदलायचा की पुढच्या रिलीजला, हे वाचणारा यावरूनच ठरवतो. म्हणून लिहिण्याआधी डेव्हलपरला विचार: अजून चालतं का? काढणार कधी? त्याऐवजी काय वापरायचं? शेवटच्याचं उत्तर मिळेपर्यंत मी तरी तो परिच्छेद पुढे पाठवत नाही.

अशीच गल्लत होणारी दुसरी जोडी: 'व्हेरिफाय' म्हणजे स्पेसिफिकेशनप्रमाणे (आधी ठरवून लिहिलेल्या अपेक्षांप्रमाणे) झालंय का, 'व्हॅलिडेट' म्हणजे ज्या कामासाठी केलं त्याला उपयोगी पडतं का; आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्या एकदा बघून घे. आणि कितीही रटाळ वाटलं तरी एका अर्थाला मॅन्युअलभर एकच शब्द ठेव.