मूळ कथा बदलली म्हणून सिनेमा नापास करायचा का?

वाचकांचे प्रश्न, सिनेमा विभागाची उत्तरे

प्रश्न : सुपरहिरोला शक्ती कशी मिळाली, ही गोष्ट नव्या सिनेमात जरा बदलली की आमच्या ग्रुपमधले निम्मे जण तिथंच त्याला नापास करतात. ‘मूळ कॉमिकात असं नव्हतं’ एवढं एकच कारण. यात किती तथ्य आहे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी त्यांना विचारा, मूळ म्हणजे नेमका कुठला अंक? १९३८ च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही, उडी मारतो. तीही एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनची ताकद काढून घेणारा खडा, १९४३ साली रेडिओ मालिकेत आलं आणि छापील कॉमिकात पोचायला १९४९ उजाडलं. बॅटमॅन मे १९३९ मध्ये अवतरला, त्याच्या आईवडिलांच्या खुनाची हकीकत मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंकात, अवघ्या दोन पानांत आली. नायक आधी, जन्मकथा मागून!

स्पायडर-मॅनवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून त्याचंच उदाहरण नीट बघू. ऑगस्ट १९६२ च्या अंकातली त्याची पहिली गोष्ट ११ पानांची आहे. त्यात जाळं फेकायचं यंत्र तो पोरगा स्वतः बनवतो. २००२ च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून निघालं, २०१२ च्या सिनेमात यंत्र परत आलं. ‘मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते’ हे गाजलेलं वाक्यही १९६२ मध्ये त्याच्या काकांच्या तोंडी नाही. गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत ते निवेदक सांगतो. त्यामुळे ‘काकांचं मूळ वाक्य कापलं’ ही तक्रार टिकत नाही.

काय बदललं तर गोष्ट मोडते? कोळी चावून शक्ती मिळाल्यावर हा मुलगा आधी पैसा आणि नाव यांच्या मागं लागतो. समोरून पळणाऱ्या चोराला ‘मला काय त्याचं’ म्हणून जाऊ देतो आणि तोच चोर पुढं काकांचा जीव घेतो. कोळी चावणं हा अपघात. चोराला सोडणं ही त्याची स्वतःची चूक. पुढचं सगळं त्या चुकीवर उभं आहे. २००२ आणि २०१२ या दोन्ही सिनेमांनी तपशील बदलले, पण चोराला सोडणं ठेवलं. ते काढलं असतं तर चाहत्यांचा राग शंभर टक्के रास्त ठरला असता. यंत्राचा मुद्दा त्यापेक्षा लहान, तरी अगदीच फुसका नाही. यंत्र असलं की पोराची हुशारी दिसते, आणि ऐन वेळी यंत्रातला जाळ्याचा द्रव संपण्याची भीतीही राहते. मनगटातून जाळं निघालं की या दोन्ही गोष्टी जातात. हे असं मांडलं तर समोरचाही ऐकून घेतो.

तेव्हा ग्रुपवर ‘पार वाट लावली’ एवढंच लिहून थांबू नका. प्रसंग कुठला, त्यातून काय काढलं आणि त्यामुळे नायकाचा पुढचा कुठला निर्णय लटका पडला, हे तीन-चार वाक्यांत लिहा. आणि कॉमिकचं ओझं नसलेला सिनेमा बघायचा असेल तर २०२१ चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’ बघा. नव्वदच्या दशकातलं केरळमधलं गाव, एक शिंपी आणि एक चहाच्या हॉटेलात राबणारा माणूस. दोघांवर वीज पडते, दोघांना सारखीच शक्ती मिळते. मग एक नायक आणि दुसरा खलनायक का होतो, याचं उत्तर गावानं दोघांना कसं वागवलं यात आहे. आमच्या मते जन्मकथा अशीच लिहावी.

प्रश्न : थ्रीडी शो बघितला, सगळा सिनेमा काळपट. मित्र म्हणतात छायाचित्रणच भिकार. खरं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : टूडी बघितल्याशिवाय छायाचित्रणाला नावं ठेवू नका. साध्या शोसाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूटलॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) ठरलेलं आहे. थ्रीडीत प्रोजेक्टरपुढचा फिल्टर आणि तुमचा चष्मा मिळून इतका उजेड खातात की डोळ्यांपर्यंत बऱ्याचदा चार-पाचच पोचतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असेल तर त्याहूनही कमी. रात्रीची मारामारी असली की काळ्या पोशाखातला नायक दिसेनासा होतो, तो यामुळे.

तिकीट काढताना मधल्या रांगांतली मधली खुर्ची घ्या. थ्रीडीचा चंदेरी पडदा उजेड मध्यावर जास्त फेकतो, कडेला बसणाऱ्याला चित्र आणखी मंद दिसतं. चष्मा मऊ सुती कापडानं पुसा, शर्टाच्या टोकानं ओरखडे पडतात. मान वाकडी केल्यावर एकाची दोन चित्रं दिसू लागली तर दोष चष्म्याच्या प्रकाराचा, मान सरळ ठेवा. टूडी शोसुद्धा अंधारा वाटला तर मागं वळून केबिनच्या खिडकीकडं बघा. काही प्रोजेक्टरवर थ्रीडीची लेन्स तशीच राहिलेली असते आणि उजेडाचे दोन झोत एकावर एक दिसतात. तसं दिसलं तर मध्यंतराची वाट न बघता मॅनेजरला सांगा.

प्रश्न : मी हिंदीत बघितला, कॉलेजातल्या मैत्रिणीनं कन्नडमध्ये. एकाच प्रसंगातला संवाद दोघींना वेगळा आठवतो. चुकतंय कोण?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बहुतेक कुणीच नाही. डबिंगचा लेखक अर्थाबरोबर ओठही सांभाळतो. जवळून घेतलेल्या दृश्यात नटाचे ओठ मिटले की तिथं प, ब, म यांपैकी अक्षर बसवावं लागतं, आणि वाक्य नटाचं तोंड थांबेल तिथंच संपवावं लागतं. त्यात विनोद तर प्रत्येक भाषेत नव्यानंच लिहिले जातात. वाद मिटवायचा असेल तर सिनेमा ओटीटीवर आला की मूळ आवाज ठेवून सबटायटल लावा आणि तेवढाच प्रसंग दोघींनी मिळून बघा.

प्रश्न : सुपरहिरोच्या सिनेमाला आठ वर्षांच्या मुलाला न्यावं का?
– एक पालक, चिकोडी

उत्तर : प्रमाणपत्र बघा. नोव्हेंबर २०२४ पासून यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्राचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. आठ वर्षांच्या मुलासाठी पहिला ठीक. मात्र जन्मकथेत बहुतेक वेळा आई, बाप किंवा काका मरतात. लहान मुलं मारामारीपेक्षा या मरणाला जास्त घाबरू शकतात. घरून निघतानाच तेवढं सांगून ठेवा.

प्रश्न : सिनेमा संपून कलाकारांची नावं सुरू झाली की दिवे लागतात, दारं उघडतात, आणि नावांनंतरचा शेवटचा प्रसंग हुकतो. काय करावं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : डिजिटल सिनेमाच्या फाइलमध्ये नावं कुठं सुरू होतात याची खूण असू शकते, आणि दिवे लावण्याची आज्ञा बहुतेक थेटरांत त्या वेळेवर बसवलेली असते. प्रसंग दोन असू शकतात. एक सजवलेली मोठी नावं संपल्यावर, दुसरा बारीक नावांची सगळी यादी सरकून झाल्यावर. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये तो अगदी शेवटी होता, आणि लोक तोवर निघून गेले होते. शो सुरू व्हायच्या आधी ऑपरेटरला किंवा मॅनेजरला सांगा : शेवटचा प्रसंग आहे, दिव्यांची वेळ पुढं ढकला. पहिल्या दिवशी सकाळच्या शोला सांगितलंत तर पुढच्या शोंनाही वेळ तीच राहण्याची शक्यता जास्त.