चित्राभोवतीची कोरी जागा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऑनलाइन अर्जासाठी कागदावर सही करून ती ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केली. फोटोशॉपमध्ये इमेज मेन्यूतलं 'ट्रिम' दिलं, पण भोवतालचा पांढरा कागद जरासुद्धा कापला जात नाही. असं का? (सातारा)

उत्तर: तो कागद तुम्हाला पांढरा दिसतो, ट्रिमला नाही. 'टॉप लेफ्ट पिक्सेल कलर' निवडलं की ट्रिम डाव्या वरच्या कोपऱ्यातला एकच पिक्सेल बघतं आणि अगदी त्याच रंगाच्या ओळी कडेकडून काढत जातं. 'साधारण तसाच' हा प्रकार त्यात नाही. एफ८ दाबून इन्फो पॅनेल उघडा आणि माउस कागदावरून फिरवा. २५४, २५३, २४९ असे सतत बदलणारे आकडे दिसतील. शुद्ध पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही जागी २५५. त्यात कोपऱ्यावर स्कॅनरच्या झाकणाची सावली पडली असेल, तर तुलनाच करड्या रंगाशी होते आणि काहीच कापलं जात नाही.

म्हणून आधी क्रॉप टूलने चारी कडा दोनेक मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला साधारण २४ पिक्सेल, आत घ्या. मग कंट्रोल-एल दाबून लेव्हल्स उघडा आणि ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे सरकवा. पडदा काळा होईल आणि जिथे पूर्ण पांढरं झालं तेवढंच पांढरं दिसेल. पिवळे डाग दिसले तर तिथे लाल आणि हिरवा चॅनेल २५५ला पोचलाय, निळा अजून मागे आहे. पिवळट दिव्याखाली मोबाइलने काढलेल्या फोटोत हे हमखास होतं. सहीभोवतीचा सगळा कागद पांढरा झाला की थांबा. त्यापुढे गेलात तर सहीचे बारीक फराटे तुटतात. आता ट्रिम चालेल. शेवटी 'कॅनव्हास साइज'मध्ये 'रिलेटिव्ह'वर खूण करून रुंदी आणि उंची दोन्हीकडे २० पिक्सेल द्या, म्हणजे प्रत्येक बाजूला १० पिक्सेल मोकळे राहतील. सही कडेला चिकटलेली नको.

हे सगळं होईपर्यंत फाइल पीएनजी किंवा पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) ठेवा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतो, त्यामुळे शाईजवळच्या चौकोनांत डोळ्यांना न दिसणारी पुसट धूळ उरते आणि ट्रिम तिथेच अडतं. अर्जाला जेपेगच लागत असेल तर ते रूपांतर अगदी शेवटी करा.

प्रश्न: मसाल्याच्या पाकिटांसाठी नावं एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात टाइप केली. प्रत्येक नाव ट्रिम करून पीएनजी केलं. लेबलवर सारख्या उंचीत बसवल्यावर 'हळद' मोठं आणि 'मिरची' लहान दिसतं. (सांगली)

उत्तर: ट्रिमने काम चोख केलं, चूक वर-खाली कापण्यात झाली. 'हळद'ला शिरोरेषेच्या वर काहीच नाही. 'मिरची'च्या वेलांट्या वर जातात, 'जिरेपूड'मध्ये वर मात्रा आणि खाली ऊकारही आहे. चारी बाजूंनी घट्ट कापल्यावर तिन्ही चित्रांची उंची वेगळी झाली. मग सारख्या उंचीत ताणताना 'हळद'ची अक्षरं फुगली आणि शिरोरेषा वेगवेगळ्या पातळीवर गेल्या. देवनागरीत वरची-खालची मोकळी जागा अक्षराचाच भाग समजा. ती एकेका शब्दापुरती कापायची नसते.

सगळी नावं एकाच फाइलमध्ये, वेगवेगळ्या लेयरवर (थरांवर), पण एकाच बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं जिच्यावर बसतात त्या आडव्या रेषेवर, ठेवा. बॅकग्राउंड लपवा, नावं सगळी चालू ठेवा. एकमेकांवर आली तरी हरकत नाही. ट्रिममध्ये 'ट्रान्स्परंट पिक्सेल्स' निवडून फक्त 'टॉप' आणि 'बॉटम'वर खूण ठेवा. आता कॅनव्हासची उंची सर्वांत वरच्या वेलांटीपासून सर्वांत खालच्या ऊकारापर्यंत ठरली. ही फाइल सेव्ह करा. पुढे एकच नाव चालू ठेवून ट्रिम द्या, या वेळी खुणा फक्त 'लेफ्ट' आणि 'राइट'वर. पीएनजीची प्रत काढा, कंट्रोल-झेडने मागे या, पुढचं नाव घ्या. सगळ्या प्रतींची उंची एकच येईल आणि लेबलवर शिरोरेषा एका रेषेत बसतील. (टाइप करतानाच वेलांटी भलत्या जागी पडत असेल, तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.)

प्रश्न: पारदर्शक लोगो ट्रिम केला तरी उजवीकडे आणि खाली बरीच रिकामी जागा राहते. (मडगाव)

उत्तर: ती रिकामी नाही. लोगोला ड्रॉप शॅडो असेल तर सावलीची शेपटी विरत विरत दूर जाते आणि ट्रिम फक्त पूर्ण पारदर्शक पिक्सेल काढतं. एक टक्का अपारदर्शक पिक्सेलही त्याच्या लेखी भरलेलाच. शॅडो लेयर इफेक्ट म्हणून असेल तर 'इफेक्ट्स'शेजारचा डोळा बंद करा, ट्रिम द्या, डोळा उघडा. मग शॅडोचं 'डिस्टन्स' आणि 'साइज' यांची बेरीज करा. ८ आणि २० असेल तर २८. प्रत्येक बाजूला ३० धरून कॅनव्हास साइजमध्ये 'रिलेटिव्ह'ला ६० द्या. लोगोही मधोमध राहतो.

शॅडो नसेल तर खोडरबरातून सुटलेला एखादा ठिपका शोधा. लेयरला तात्पुरता ३ पिक्सेलचा लाल 'स्ट्रोक' द्या, एरवी न दिसणाऱ्या ठिपक्यांभोवतीही लाल कडी उमटते. तेवढे पुसा, स्ट्रोक काढा, मग ट्रिम.

प्रश्न: गिंप या फोटोशॉपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'क्रॉप टू कंटेंट' दिलं तर मागचा फोटोच कापला गेला. (पुणे)

उत्तर: इमेज मेन्यूतली ही आज्ञा फक्त निवडलेल्या लेयरची कड बघते आणि बाकीचे लेयर त्याच मापाने कापते. तुमचा मजकुराचा लेयर निवडलेला असणार. कंट्रोल-झेड करा. लेयर मेन्यूतून 'न्यू फ्रॉम व्हिजिबल' घ्या, तोच नवा लेयर निवडलेला असताना आज्ञा द्या आणि काम झाल्यावर तो लेयर काढून टाका.