बहात्तरची पिढी : एक की अनेक?

प्रश्न : आमच्या गावात मराठा, वंजारी, बौद्ध, मुस्लिम, लमाण अशी सरमिसळ वस्ती आहे. कुठल्याही समाजातली जुनी माणसं 'आम्ही बहात्तरच्या दुष्काळातली' असंच म्हणतात. दुष्काळाने सगळ्यांची एक पिढी घडवली, असं म्हणता येईल का? आठवणी नोंदवायच्या कशा?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : अर्धंच म्हणता येईल. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला, पाझर तलावावर माती टाकायला सगळे एकाच हजेरीपटावर आले; जमीनवालेही आले. मिलो (अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा कोरडा पौष्टिक आहार) सगळ्यांच्याच पोटात गेली. पाणवठे मात्र वेगळेच राहिले. गावातला पाणवठा सर्व जातींना खुला व्हावा म्हणून समाजसेवक बाबा आढावांनी चालवलेली 'एक गाव एक पाणवठा' चळवळ नेमकी त्याच काळातली. १९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर ही दलित तरुणांची लढाऊ संघटना उभी राहिली, तेव्हा बौद्ध तरुणाला ते साल दुसऱ्याही कारणाने आठवू शकतं.

म्हणून 'दुष्काळ आठवतो का?' असं थेट विचारू नका. सगळे हो म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. आधी विचारा : 'तुमच्या हयातीतल्या दोन मोठ्या घटना कोणत्या, आणि त्याच का?' शूमन आणि स्कॉट या अभ्यासकांनी १९८५ मध्ये अमेरिकेत साधारण असाच प्रश्न विचारला. लोकांनी बहुधा आपल्या उमलत्या वयातल्या घटना सांगितल्या. नागरी हक्कांचा लढा मात्र कृष्णवर्णीयांच्या तोंडी जास्त आला.

मुख्य गट १९४७ ते १९५७ दरम्यान जन्मलेल्यांचा घ्या, म्हणजे बहात्तरमध्ये पंधरा ते पंचवीस वर्षांचे. तुलनेला तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली काही माणसं हवीत. आधारकार्डावर विसंबू नका. जन्मतारीख १ जून दिसली की ती शाळेत मास्तरांनी घातलेली असण्याचीच शक्यता जास्त. 'खडीवर गेलात तेव्हा लग्न झालं होतं का? शाळा कितवीत सुटली?' यावरून वय काढा.

बोलणं एकेकट्याशी, त्यांच्याच घरी. पारावर बसवलंत तर पहिला जे सांगेल तेच बाकीचे घोळवतात, बायका तर तोंडच उघडत नाहीत. काम कोणतं, मजुरी कुणाच्या हातात पडायची, जनावरं विकली की छावणीत नेली, गाव कुणी सोडलं, हे सर्वांना त्याच क्रमाने विचारा. 'पाणी कुठून आणायचात, कोण ओढून द्यायचं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारलात तर काहीजण सावध होतात आणि पुढची उत्तरं आखडतात. उत्तरं समाजागणिक फुटतात ती बहुतेक इथेच, म्हणून नोंदीत नाव झाका, पण समाज आणि वस्ती लिहा.

लमाणांच्या तांड्यावर ऊसतोडीच्या हंगामात जाऊ नका. म्हातारी माणसं घरी भेटतील, पण नातवंडं त्यांच्यावर सोडलेली असतात, निवांत बोलणं होत नाही.