सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. पावसाळाभर ती शेडमध्ये उभी होती. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. सेल्फ सोडता सोडता एखादवेळी फट् करून पेटल्यासारखं होतं, तेवढंच. मेकॅनिकने प्लग साफ केले आणि आता कार्बुरेटर बदला म्हणतो. बदलावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, कार्बुरेटरला इतक्यात कोणाला हात लावू देऊ नका. पद्मिनी बंद पडली की पहिला आळ त्याच्यावरच येतो. मूळचा कार्बुरेटर एकदा भंगारात गेला की बदली मिळणारा बहुधा त्याच्या तोडीचा नसतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : सेल्फ सोडता सोडता फट् होतं. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा बहुतेक जोर तोच ओढतो. बॅटरी थकलेली असेल, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल किंवा इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल, तर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) वाट्याला फारच कमी व्होल्ट उरतात आणि ठिणगी मरते. सेल्फ सोडल्याबरोबर व्होल्टेज परत येतं, इंजिन अजून गरकन फिरत असतं, तेवढ्यात एखादा सिलिंडर पेटतो. पेट्रोल पोचतच नसतं तर तेही झालं नसतं.

मीटर लावून बघा. गाडी उभी असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या खाली जायला नको. त्याच वेळी कॉइलवर, स्विचकडून वायर येते त्या टोकालाही मोजा. बॅटरीवर साडेदहा आणि कॉइलवर सात दिसले तर बॅटरी निर्दोष. स्विच किंवा वायरचा एखादा जोड खराब आहे. मीटर नसेल तर पोळातली चार पोरं बोलवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारा. सेल्फने न उठणारी गाडी धक्क्याने उठली, तर कार्बुरेटर निर्दोष सुटला म्हणायचा.

धक्क्यानेही नाही उठली तर डेल्को, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडा. बडोद्याच्या पावसाळ्यात उभ्या गाडीच्या पॉइंटवर (डेल्कोतल्या, कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) थर धरतो, आणि तो डोळ्यांना धड दिसतही नाही. बारीक पॉलिश पेपर दोनदा ओढा, कोरड्या फडक्याने पुसा. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. कॅपच्या आत ओल, बारीक तडा किंवा काळी रेघ आहे का आणि मधला कार्बनचा खुंट शाबूत आहे का, तेही बघा. (२०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्या बघायला गर्दी झाली होती. तिथल्या कित्येक दिमाखदार गाड्यांतही हीच कॉइल आणि हेच पॉइंट. पद्मिनीने लाजायचं कारण नाही.)

आणखी एक. मेकॅनिकने प्लग साफ केले म्हणजे चारही वायरी निघाल्या. त्या परत लावताना अदलाबदल झाली नाही ना? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. कार्बुरेटरमधून भडके येत असतील तर शंका आधी इथेच घ्या.

एक प्लग काढून वायरीला लावा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या. ठिणगी निळी आणि टणक हवी. पिवळट, मरतुकडी चालत नाही. ती चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळा : कॉइलची मधली वायर काढून ठेवा, कार्बुरेटरला येणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पंपाने ठोक्याठोक्याला पिचकारी मारली पाहिजे. तीही ठीक निघाली, तर मग मेकॅनिकला कार्बुरेटर उघडून साफ करू द्या. बदलायची गोष्ट तरीही नको.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा.

प्रश्न : जुन्या फियाटमध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : इंजिन चालतं. त्रास रबराला होतो : जुने पाइप आणि पंपाचा पडदा फुगतात, चिरतात. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा बसवून घ्या. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पाइप तिथूनच ओढतो. पावसाळाभर गाडी उभी राहिली असेल तर जुन्या पेट्रोलवर सेल्फ मारत बसू नका. टाकी रिकामी करून पाच लिटर ताजं भरा.