पावसात दुपटी वाळंनात, बाळाला धुरी देऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी १२ दिवसांची आहे. आम्ही शिवाजी पेठेत जुन्या घरात राहतो, बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी. पाऊस थांबायचं नाव घेईना त्यामुळं दुपटी, लंगोट काही वाळत नाही. सासूबाई रोज खिडकी लावून शेगडीत ओवा, वावडिंग, ऊद टाकून बाळाला धुरी देतात, धूर लागला की ते ठसकतं, मला बघवत नाही. बोलले तर म्हणतात आम्ही चार पोरं अशीच वाढवली. नाळ अजून पडली नाही, तिथं तेल-हळद लावतात आणि आता मधातनं घुटी सुरू करूया म्हणतायत. काय करू? – एक नवी आई, कोल्हापूर

उत्तर: हे छापून येईपर्यंत तुझी लेक महिन्याची झालेली असेल म्हणून तुला फोनवर सांगितलंच, पण अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात, तेव्हा सगळ्यांसाठी लिहिते.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे गं. एवढ्या बाळाला ऊब लागतेच, आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करायला त्याला जमत नाही आणि ओल्या लंगोटात तर ते लगेच गार पडतं. चुकतंय ते शेगडीचं. धूर दिसतो म्हणून आपण त्याला भितो, आणि निखारे लालभडक होऊन धूर थांबला की बायका म्हणतात हां आता शेगडी बरी झाली, खिडकी लावा. पण कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत तो साठत जातो आणि बाळ-बाळंतीण झोपेतच बेशुद्ध पडू शकतात. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग बाळाला आत न्यायचं.

मग ऊब कशी द्यायची? बाळाला नुसत्या लंगोटावर तुझ्या उघड्या छातीशी धर, डोक्याला टोपडं, वरनं शाल. याच्यासारखी शेगडी नाही. आणि हात लावून बघ, पोट आणि पाय दोन्ही गरम असले तर ठीक, पोट गरम पण पाय गार म्हणजे त्याला थंडी वाजतीय. दुपटी सोप्यात दोरी बांधून फॅनखाली टाका आणि गुंडाळायच्या आधी कडक इस्त्री मारा, ओल बरीच जाते.

नाळेला काहीच लावू नका, तेल नको, हळद नको, पावडर नको. कोरडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा, पडेपर्यंत आंघोळ न घालता अंग पुसून घ्यायचं. बहुतेक एक-दोन आठवड्यांत पडते, कधी तिसराही लागतो. आजूबाजूला लाल झालं किंवा वास मारणारा पू आला तर मात्र दाखवून आणा.

मध वर्षभर नाही म्हणजे नाही. त्यात बॉट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात, मोठ्यांना पचतात, तान्ह्याला नाही. घुटी, ग्राइप वॉटर, वरचं पाणीसुद्धा ६ महिने नको, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावरचं पाज आणि लंगोट मोज, दिवसाला सहा-सात ओले होत असतील तर दूध पुरतंय.

सासूबाईंना मालिश करू दे, खरंच, त्यांच्या हाताला सवय आहे. फक्त नाका-कानात तेल सोडायचं नाही आणि डोकं दाबून 'गोल' करायचं नाही. बाकीचं तू सांगू नकोस, सुनेचं कोण ऐकतं? आशाताई (सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा सेविका) ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांनाच सासूबाईंसमोर शेगडीचा विषय काढायला सांग.

आणि बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, मिनिटाला ६० च्या वर श्वास चालला, छाती आत ओढली जायला लागली, ताप १००.४ च्या पुढं गेला किंवा अंग गारच राहिलं, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर पाऊस उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा काढून थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा, जाताना बाळाला छातीशीच धरून ने.