ऑल व्हील ड्राइव्ह हवी तर मॅन्युअल गिअर का मिळत नाही?

प्रश्न: मी पहिल्यापासून मॅन्युअलच चालवत आलोय. आता चढ आणि चिखलाच्या रस्त्यांसाठी ऑल व्हील ड्राइव्ह घ्यायचं ठरवलं तर जिथे विचारावं तिथे ऑटोमॅटिकच दाखवतात. त्याच मॉडेलची नुसती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मात्र मॅन्युअलमध्ये मिळते. चारही चाकांना ताकद द्यायची म्हटलं की क्लच-गिअर चालत नाही असं काही आहे का?

उत्तर: असं अजिबात नाही. १९८० साली आलेली पहिली ऑडी क्वाट्रो पाच गिअरची मॅन्युअलच होती आणि रॅलीत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. अगदी अलीकडची टोयोटा जीआर यारिस किंवा सुबारू डब्ल्यूआरएक्स घ्या, दोन्हींत सहा गिअरचं मॅन्युअल आणि ताकद चारही चाकांना. म्हणजे बनवता येतं, पण सगळा ताण कुठे येतो ते समजून घ्या, तो येतो क्लचवर.

गाडी उभी असते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात, या दोघांची गाठ घालून देते ती क्लच प्लेट. दोनच चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तुम्ही रेस देऊन क्लच झटकन सोडलात तर टायर जागच्या जागी फिरतात, किंचाळतात, आणि जादाची ताकद तिथेच निघून जाते. ऑल व्हीलमध्ये चारही टायर रस्ता घट्ट धरून बसतात त्यामुळे टायर काही सुटत नाही, मग तो झटका जाणार कुठे, एकतर मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) आणि चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल यांना बसतो नाहीतर क्लच घसरत राहतो आणि जळतो. अशा एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवलेला मी जवळून बघितलाय. क्लच प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, निळेजांभळे डाग पडले होते, प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेटपर्यंत आलं होतं आणि तो जळका वास हाताला लागला तो साबणाने धुऊनही जाईना. गाडी फारशी चाललेली नव्हती, चढावर हाफ क्लचवर धरायची सवय होती एवढंच.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात हे काम तेल करतं. झटका तेलात जिरतो, शिवाय गाडी जागेवरून उचलताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, जवळजवळ दुप्पट होऊन मिळतो.

दुसरं कारण कॉम्प्युटरचं. आजच्या बऱ्याच ऑल व्हील गाड्यांत मागच्या चाकांना ताकद कायम जात नाही, कॉम्प्युटर गरजेप्रमाणे एक मल्टिप्लेट क्लच (पायाखालचा नव्हे, मागच्या चाकांकडे ताकद जोडणारा वेगळा, अनेक प्लेटांचा) दाबून ती पाठवतो. ऑटोमॅटिकमध्ये पुढचा गिअर कधी पडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, तुमचा डावा पाय काय करणार हे कसं कळणार? सुबारूने यावर वेगळाच मार्ग काढला, मॅन्युअलला पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारं सेंटर डिफरन्शियल दिलं, त्यात कॉम्प्युटरशिवाय घट्ट द्रवावर चालणारं व्हिस्कस कपलिंग, पुढे-मागे निम्मी निम्मी ताकद, आणि ऑटोमॅटिकला कॉम्प्युटरवर चालणारा क्लच. म्हणजे एकाच मॉडेलसाठी दोन सिस्टिम. प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीची धुराची टेस्ट वेगळी, ट्युनिंग वेगळं, आणि घेणारे मोजकेच, मग कंपनी तो व्हेरिएंटच काढून टाकते. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं कारण हे गिऱ्हाईक नसण्याचंच आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता तुम्ही म्हणाल मग जिम्नी, थार या फोर बाय फोर मॅन्युअलमध्ये कशा मिळतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे फोर व्हील टाकायचा लिव्हर तुमच्या हातात असतो आणि पुढे-मागे ताकद पाठवणाऱ्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, लो रेंज असते, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. लो मध्ये पहिला गिअर टाकला की गाडी मुंगीच्या पावलाने चढते, क्लच घसरवत बसावंच लागत नाही. पण फोर व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून फिरायचं नाही, वळणावर गाडी अडखळते आणि भागांवर ताण येतो. डेशिया कंपनीने डस्टर गाडीच्या फोर बाय फोरमध्ये लो रेंज न देता सहा गिअरमधला पहिलाच एकदम छोटा, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा ठेवला, क्लच वाचवायचा हा सोपा आणि फार हुशार उपाय, मला तो मनापासून आवडतो.

तुम्हाला खडबडीत, चिखलाच्या वाटेवर नेहमी जायचं असेल तर लो रेंजवाली मॅन्युअल बिनधास्त घ्या. बराचसा प्रवास डांबरी रस्त्यावर असेल आणि अधूनमधूनच चिखल, तर ऑल व्हील ऑटोमॅटिकच घ्या, उगाच हट्ट नको. आणि कुठे मॅन्युअल ऑल व्हील मिळालीच तर ट्रायलला एकटे जाऊ नका, माणसं भरून न्या, चढावर थांबवा आणि रेस न वाढवता क्लच हळू सोडत उचलून बघा, दोनतीनदा केल्यावर जळका वास आला तर ती गाडी तुमच्या रस्त्यांसाठी नाही.