मॅडम, टोक करून द्या

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला झेडपी शाळेवर आहे, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. नोकरीला 14 वर्षं झाली, रोज स्कुटीवर 26 किमी जायचं नि तेवढंच यायचं. पोरं घरी पावरी बोलतात, सुरवातीला मलाच त्यांची बोली शिकावी लागली आणि ते आवडायचं पण. आता सगळंच नकोसं झालंय. रात्री 10 ला ग्रुपवर "तात्काळ माहिती सादर करा" पडतं, नाही पडलं तरी मी उठून बघते. मागच्या आठवड्यात पोषण आहाराची माहिती भरत होते, रेंज जात येत होती, तेवढ्यात दुसरीतला एक पोरगा म्हणाला मॅडम टोक करून द्या, तर मी त्याच्यावर इतकी ओरडले की सगळा वर्ग गप्प. आता तो माझ्याकडे येतच नाही, दातानेच पेन्सिल कुरतडतो. घरी सांगितलं तर हे म्हणतात, साने गुरुजी आपल्याच अमळनेरला होते, ते थकले का कधी? नोकरी सोडून देऊ का?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, आधी तुमच्या ह्यांचं बघू. गुरुजी 1924 ला प्रताप हायस्कूलला लागले आणि 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, म्हणजे सहा वर्षं, तुमची 14 झाली. लग्न केलेलं नव्हतं, संध्याकाळी घरी येऊन वरणबट्टी करायची नव्हती, रात्री कोणी लिंक पाठवत नव्हतं. गुरुजींबद्दल मला पण तेवढाच आदर आहे हो, पण थकून आलेल्या बायकोच्या तोंडावर गुरुजी फेकायचे नसतात, तिला चहा करून द्यायचा असतो. हे त्यांना वाचून दाखवा.

आता तुमचं. याला बर्नआऊट म्हणतात. 2019 ला जागतिक आरोग्य संघटनेने याची व्याख्या केली, आजार म्हणून नाही, कामाच्या जागी सतत ताण राहिला की काय होतं ते म्हणून. खुणा तीन, अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटत राहणं. तुमच्यात तिन्ही थोड्या थोड्या दिसतात मला. पण कुरतडलेली पेन्सिल तुम्हाला दिसली ना, मन पूर्ण उडालेल्या बाईला ती दिसत नाही.

एक आठवडा वहीत कामाचे तास लिहा. शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याचे किमान 45 तास धरलेत, ते पण तयारी धरून, आणि अशैक्षणिक कामं म्हणून जनगणना, आपत्ती निवारण नि निवडणूक एवढीच. ते कलम 27 घेऊन केंद्रप्रमुखांशी भांडा असं मी म्हणत नाहीये, त्यांना पण वरून तसेच मेसेज येतात बिचाऱ्यांना. पण वहीत 60 तास दिसले की माझंच चुकतंय हे डोक्यातून जातं. मी यावलकडे असताना लिहिले होते, तीन दिवसांत वही बंद केली, इतका राग आला.

मग दुसऱ्या सरांशी बसा नि ऑनलाइनचे वार वाटून घ्या. ज्या दिवशी तुमचा वार नाही त्या दिवशी मोबाईल कपाटात, कुलूप लावून. तुमच्या वाराला पण भरायचं ते शाळा सुटल्यावर नाहीतर मधल्या सुट्टीत, पोरं समोर असताना नाही. रात्री 9 नंतर ग्रुप म्यूट. खरंच अडलं तर माणूस फोन करतो. 14 वर्षांत रात्रीची कुठली माहिती सकाळपर्यंत थांबली नसती, आठवून बघा बरं.

रक्त पण तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड, आपल्या बायका सगळं कामावर ढकलतात आणि आत भलतंच निघतं. झोप लागतच नसेल, उगाच रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणून कोणी सर्व्हिस बुकात लिहीत नाही.

नोकरीचं आत्ता ठरवू नका. मे मध्ये माहेरी जा, कूलरसमोर पंधरा दिवस नुसत्या झोपा, आई "काय व्हयनं माय?" विचारेल तर सगळं सांगून टाका, मग बघा.

आणि त्या पोराची पेन्सिल उद्याच मागून घ्या. वर्गासमोर ओरडलात ना, मग वर्गासमोरच म्हणा माझं चुकलं, पावरीत म्हणा. टोक करून द्या.

प्रश्न: हायस्कूलला गणित शिकवतो, वर्गात 60 पोरं. मार्च आला की आवाज बसतो, मग कुजबुजत शिकवतो. काय करू?
– एक सर, चाळीसगाव

उत्तर: सर, कुजबुजू नका, त्याने पण घशावर ताण येतो. हळू पण नेहमीच्याच आवाजात बोला, बाटली टेबलावर ठेवा नि तासाला दोन-तीनदा घोट घ्या, फळ्याकडे तोंड करून तर बोलूच नका. पोरं गप्प करायला ओरडण्यापेक्षा टाळी वाजवा. आणि तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच असेल तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.